माडाचा रंग अवरक्त प्रकाशात : पिकांच्या प्रतिमांकनाचा इतिहास

पिकाची वाढ मोजणे हे शेतीविज्ञानातले सर्वांत जुने आणि बराच काळ सर्वांत मागे राहिलेले काम होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराजवळ मोजपट्टी, तराजू, नोंदवही आणि सरावलेली नजर एवढीच साधने होती. रोपाची उंची, फुटव्यांची संख्या, फुलोरा येण्यास लागलेले दिवस, कणसाची लांबी या गोष्टी सरीसरीने हिंडून टिपल्या जात. मात्र पानांचे एकूण क्षेत्रफळ किंवा शुष्क वजन, म्हणजे ओलावा पूर्ण काढून टाकल्यावर उरणारे वजन, हवे असेल तर रोप उपटून, कापून, ओव्हनमध्ये वाळवावे लागे, आणि जे रोप मोजले ते पुढे कसे वाढले असते हे कळण्याची वाट तिथेच बंद होई. या साधनांना कमी लेखण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही महाराष्ट्राच्या रब्बी ज्वारीचा मानदंड मानला जातो, आणि तो अशाच नजरेच्या निवडीतून आला. परंतु हजारो ओळींची तुलना करायची, दुष्काळाचा ताण पानावर दिसण्याआधी ओळखायचा किंवा जमिनीखालचे मूळ पाहायचे म्हटले की नजर अपुरी पडे. वनस्पतीला इजा न करता तिचे मोजमाप तिच्या प्रतिमेवरून करण्याचा जो प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे चालला आहे, त्याचे मूळ या अपुरेपणात आहे; भारताने त्यात पहिले पाऊल टाकले ते केरळातल्या रोगट माडांच्या निमित्ताने.

वाढ इतकी संथ असते की ती डोळ्याला दिसत नाही, ही पहिली अडचण होती. जर्मनीतल्या लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन ती सलग चित्रपटासारखी दाखवली, तेव्हा लाजाळूच्या पानांची हालचाल आणि जमिनीत शिरणाऱ्या मुळाचा प्रवास, ज्यांना तास किंवा दिवस लागतात, काही क्षणांत पाहता आला. पुढे कोलकात्यात जगदीशचंद्र बसू यांनी कॅमेऱ्याचा मार्ग न धरता तरफांच्या रचनेतून वाढ सुमारे दहा हजार पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उमटवणारे वृद्धिमापक यंत्र बनवले, आणि खत, विष, तापमान यांचा वाढीवर होणारा परिणाम काही मिनिटांत नोंदवता येतो हे दाखवले. या दोन्ही प्रयोगांत एका वेळी एकच रोप तपासले जाई. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे, पण शेतकऱ्याच्या वावरापर्यंत ते पोचू शकणारे नव्हते.

वावरापर्यंतची वाट निघाली ती डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातून. सूर्यप्रकाशातल्या तांबड्या रंगाच्या पलीकडे जे किरण असतात त्यांना अवरक्त किरण म्हणतात, आणि त्यांतले तांबड्याला लागून असलेले ते निकट अवरक्त. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली या किरणांना संवेदनशील अशा काचपट्ट्यांवर निसर्गदृश्ये टिपली, तेव्हा आकाश काळे आणि झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी आली. याचे कारण पुढे पानाच्या आतल्या रचनेत सापडले. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते व हिरवा काही अंशी परत पाठवते. निकट अवरक्त प्रकाशाशी मात्र त्याला कर्तव्य नसते. तो प्रकाश पानाच्या आत, ओल्या पेशींच्या भिंती आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा आदळून विखुरतो आणि निरोगी पानातून त्याचा जवळजवळ निम्मा भाग बाहेर परततो. पेशी सुकल्या किंवा ही अंतर्रचना ढासळली की हे परावर्तन बदलते, आणि पान वरकरणी हिरवे असतानाही असा बदल सुरू झालेला असू शकतो. पिकांच्या प्रतिमांकनाच्या पुढच्या बहुतेक इमारती या एका भौतिक वस्तुस्थितीवर उभ्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात या गुणधर्माचा उपयोग शत्रूने तोडलेल्या फांद्यांखाली किंवा हिरव्या रंगाखाली लपवलेली ठाणी ओळखण्यासाठी झाला. त्यासाठी तयार झालेल्या रंगीत अवरक्त फिल्मवर हिरव्या, तांबड्या आणि निकट अवरक्त प्रकाशाला संवेदनशील असे तीन थर असत. निळा प्रकाश अडवण्यासाठी भिंगापुढे पिवळी गाळणी लावली जाई, आणि फिल्म धुतल्यावर अवरक्त प्रकाश तांबड्या रंगात उमटे. त्यामुळे जिवंत झाडोरा लालबुंद दिसे आणि रंगवलेले कापड किंवा मेलेली पाने निळसर, फिकट दिसत. युद्धानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातले रॉबर्ट कोलवेल यांनी हे साधन शेतीकडे वळवले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून गव्हावरच्या तांबेऱ्यासारखे तृणधान्यांचे रोग कुठे व किती पसरले आहेत हे ठरवता येते, हे दाखवून दिले. फिल्मवरचा प्रत्येक ठिपका शेतात जाऊन पडताळण्यावर त्यांचा कटाक्ष होता, आणि पुढे दूरसंवेदनाच्या शास्त्रात या पडताळणीला स्वतंत्र स्थान मिळाले.

केरळातला प्रश्न याहून जुना होता. १८८२ च्या मोठ्या पुरानंतर मध्य त्रावणकोरच्या काही गावांत माडांना एक नवा रोग लागल्याचे आढळले आणि पुढच्या दशकांत तो दक्षिण केरळभर पसरत गेला. माड लगेच मरत नसे. तो वर्षानुवर्षे क्षीण होत जाई. झावळीच्या पात्या ताठपणा सोडून आत वळत आणि बरगड्यांसारख्या दिसू लागत, खालच्या झावळ्या पिवळ्या पडत, कडा करपत, मुळे कुजत, आणि नारळांची संख्या घटत जाई. ज्या प्रदेशात खोबरे, तेल, काथ्या आणि छपराच्या झापा या सगळ्यांचा आधार माडावर होता, तिथे या हळू चालणाऱ्या रोगाने घरोघरची मिळकत पोखरली. १९८४ च्या सर्वेक्षणात आठ जिल्ह्यांतले सुमारे ४ लाख १० हजार हेक्टर क्षेत्र बाधित असल्याचे आणि वर्षाला ९६ कोटी ८० लाख नारळांचे नुकसान होत असल्याचे नोंदले गेले. १९६०च्या दशकाअखेर तर रोगाचे कारणही ठरलेले नव्हते. कायमकुळम येथील संशोधन केंद्रात विषाणूचा संशय धरून काम चालू होते; फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जीवाणू, हे त्यामागचे कारण असल्याचे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. कारण ठाऊक नाही, औषध नाही, आणि लाखो माडांपैकी कोणते रोगट याची खात्रीची मोजदादही नाही, अशी ही अवस्था होती. पन्नास-साठ फूट उंचीवरच्या शेंड्याची तपासणी खाली उभे राहून करणे किती कठीण असते हे कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाकडे अवकाश संशोधनाच्या बाजूने पाहणारा माणूस होता पिशारथ रामा पिशारोटी. १९०९ साली केरळातल्या कोल्लंगोड येथे जन्मलेले पिशारोटी सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी, पण त्यांचे बरेचसे आयुष्य हवामानशास्त्रात गेले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जवळचा होता: कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे संचालकपद त्यांनी सांभाळले आणि १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते. ढग, पाऊस आणि वारे यांच्याकडे वरून पाहण्याची सवय असलेल्या या शास्त्रज्ञाला विक्रम साराभाई यांनी अहमदाबादला बोलावून घेतले आणि दूरसंवेदनाची जबाबदारी दिली. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला स्पर्श न करता तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून किंवा अन्य प्रारणांवरून तिची माहिती मिळवणे. भारताजवळ त्या वेळी स्वतःचा एकही उपग्रह नव्हता आणि तो सोडणारे प्रक्षेपक यानही नव्हते. पहिल्या प्रयोगासाठी एखादा दिमाखदार विषय निवडता आला असता; साराभाई आणि पिशारोटी यांनी रोगट माड निवडला, आणि या निवडीतच त्यांच्या कार्यक्रमाचा स्वभाव दिसतो.

१९६९-७० मध्ये झालेल्या या प्रयोगाची सामग्री आजच्या मानाने अगदी मोजकी होती. हेलिकॉप्टर, हॅसलब्लाड कॅमेरा आणि थंड जागी जपून ठेवावी लागणारी रंगीत अवरक्त फिल्म एवढ्यावर काम उभे राहिले. हेलिकॉप्टर विमानापेक्षा खाली आणि सावकाश उडू शकत असल्यामुळे एकेका माडाचा शेंडा वेगळा ओळखता येईल इतके जवळून छायाचित्र घेता येई, आणि माडाच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची होती, कारण बहुतेक बागांत माडांमध्ये केळी, सुपारी, मिरीवेल, आंबा, फणस अशी दाट सरमिसळ असते. फिल्मवर निरोगी माडांचे शेंडे गडद तांबडे उमटले, तर रोगग्रस्त माडांच्या शेंड्यांचा तांबडेपणा उतरलेला दिसला. दोघांतला फरक साध्या छायाचित्रातल्या हिरव्या-पिवळ्या फरकाहून ठळक होता.

तरीही केवळ फिल्मवरून काही सिद्ध झाले नसते. पिवळेपणा पोषणद्रव्यांच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्याने येतो, म्हातारपणानेही येतो. म्हणून छायाचित्रातला प्रत्येक संशयित शेंडा खालच्या बागेत शोधून, त्याच माडाच्या लक्षणांची रोगतज्ज्ञांनी केलेली नोंद त्याच्याशी ताडून पाहणे भाग होते. १९७१ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर येथील दूरसंवेदनाच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात जो निबंध सादर झाला, त्याच्या लेखकांत पिशारोटी यांच्याबरोबर भारतीय कृषी संशोधन संस्थेचे कृषी भौतिकशास्त्रज्ञ सी. दक्षिणामूर्ती आणि माडाच्या रोगावर काम करणारे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. वरून पाहणारे आणि खाली झाडाला हात लावून पाहणारे एकाच निबंधावर सही करतात, हे या प्रयोगाचे खरे यश. भारतातल्या दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो आणि पिशारोटींना त्याचे जनक म्हटले जाते. हा मान यथार्थ आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत एका मोठ्या संकटाने हेच साधन कसोटीला लावले. १९७० साली मक्यावर पानांच्या करप्याची साथ आली आणि देशाचे सुमारे १५ टक्के मका उत्पादन बुडाले, कारण बहुतेक संकरित वाणांत नरवंध्यत्वासाठी वापरलेला एकच पेशीद्रव्याचा प्रकार होता आणि करपा आणणाऱ्या बुरशीचा नवा प्रकार नेमका त्यावर तुटून पडला. पुढच्या वर्षी अंतराळसंस्था, कृषिखाते आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी मक्याच्या पट्ट्यातल्या सात राज्यांवर विमानांतून हंगामभर अवरक्त छायाचित्रे घेतली व तेवढ्याच नेमाने निवडक शेतांत निरीक्षक पाठवले. तीव्र करपा वरून ओळखता आला, पण सौम्य बाधा आणि निरोगी पीक यांतला फरक करणे अवघड गेले. केरळातल्या प्रयोगाचा आवाका याच्यापुढे अगदी लहान, पण दोन्हीकडे मर्यादा तीच होती: प्रतिमा बदल दाखवते, बदलाचे कारण सांगत नाही.

यानंतर कॅमेरा अवकाशात गेला. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने सोडलेला, पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह दर १८ दिवसांनी त्याच जागेवर येऊन पृथ्वीची प्रतिमा घेऊ लागला, आणि टेक्सासमधल्या संशोधकांनी निकट अवरक्त व तांबड्या परावर्तनातल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून वनस्पतींच्या हिरवेपणाचा जो निर्देशांक रूढ केला तो आज पीकविमा ते दुष्काळनिरीक्षण सगळीकडे वापरला जातो. भारतात अंतराळ संशोधन संस्था आणि कृषी अनुसंधान परिषद यांनी १९७४-७५ मध्ये अनंतपूर आणि पतियाळा या जिल्ह्यांत विमानातून पीकपाहणी केली. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून कक्षेत गेला, आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्राचे दूरसंवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. या पर्वाने पिकाखालचे क्षेत्र आणि अपेक्षित उत्पादन यांचे अंदाज दिले, पण रोप त्यात हरवले. लँडसॅट-१ च्या प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ८० मीटर लांब-रुंद तुकडा, जवळजवळ दीड एकर. आपल्याकडे तेवढ्यात दोन भावांची वावरे, बांधावरची बाभूळ आणि विहीर एवढे सगळे मावते. पैदासकाराला हवे असलेले एकेका ओळीचे लक्षण तिथून दिसणे शक्य नव्हते.

रोपाकडे परत वळण्याची निकड निर्माण झाली ती जनुकशास्त्राच्या झेपेमुळे. डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ साली सजीवाची आनुवंशिक घडण आणि परिस्थितीच्या संगतीने तिचे प्रत्यक्षात उतरणारे रूप यांत भेद केला होता. पहिल्याला जनुकविधा आणि दुसऱ्याला सरूपविधा म्हणतात. २००० साली मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिसचा आणि २००५ साली भाताचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, वाचनाचा खर्च झपाट्याने उतरला, आणि जनुकविधा कळलेल्या हजारो ओळींची सरूपविधा मात्र जुन्या मोजपट्टीनेच मोजली जात राहिली. २०११ साली रॉबर्ट फरबँक आणि मार्क टेस्टर यांनी या अडथळ्याकडे लक्ष वेधून प्रतिमांकन हा त्यावरचा उपाय म्हणून मांडला. त्याची यंत्रे तोवर उभी राहू लागली होती. जर्मनीतली लेम्नाटेक ही कंपनी १९९८ साली सुरू झाली तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या लेम्ना या इवल्या वनस्पतीची पाने प्रतिमेवरून मोजण्याचे काम करत होती, आणि कंपनीचे नावही त्यावरूनच आले. काही वर्षांत तिच्या सरकत्या पट्ट्यांवरून कुंड्यांतली पूर्ण वाढलेली रोपे कॅमेऱ्यांसमोरून जाऊ लागली. २०१० साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वेट परिसरात याच तत्त्वावर मोठे सार्वजनिक केंद्र सुरू झाले.

अशा केंद्रात प्रत्येक कुंडीला ओळखचिन्ह असते. पट्टा तिला एका कक्षातून दुसऱ्यात नेतो, वाटेत तिचे वजन होते, वजनावरून किती पाणी उडाले हे कळते आणि ठरवलेले पाणी तिला तिथेच मिळते. पहिल्या कक्षात साध्या प्रकाशात वरून आणि बाजूंनी छायाचित्रे घेऊन पानांचे क्षेत्रफळ व रोपाचे आकारमान काढले जाते. दुसऱ्यात उष्णताग्राही कॅमेरा पानांचे तापमान टिपतो: पानांवरची रंध्रे उघडी असली की बाष्पोच्छ्वासाने पान गार राहते, पाण्याच्या ताणात ती मिटली की तापते, आणि १९८१ साली ॲरिझोनातले शेरवुड इड्सो व रे जॅक्सन यांनी पिकाच्या जलताणाचा निर्देशांक या तापमानावरच बेतला होता. तिसऱ्या कक्षात हरितद्रव्याचे प्रतिदीपन पाहिले जाते. अंधारात ठेवलेल्या पानावर एकाएकी प्रकाश पडला की ते मंद तांबडे उजळते आणि ती उजळण वर चढून मग ओसरते, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ साली जर्मनीत नोंदवले होते; या चढ-उतारावरून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा धडधाकट आहे की ताणाखाली आहे हे सांगता येते. जमिनीखालच्या भागासाठी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचे तंत्र मातीच्या कुंडीवर वापरले, त्यामुळे मूळ धुवून न काढता मातीतल्या त्याच्या वळणांचे त्रिमितीय चित्र मिळू लागले.

भारतात ही साधने तीन ठिकाणी विशेष उपयोगात आली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत लेसर किरणांनी रोपांच्या पानांचा त्रिमितीय आकार वारंवार टिपणारी आणि त्याच वेळी कुंड्यांचे वजन घेऊन पाण्याचा वापर मोजणारी यंत्रणा उभारली गेली, आणि बाजरी, ज्वारी, हरभरा यांसारख्या कोरडवाहू पिकांवर तिचा रोख राहिला. बारामती तालुक्यात माळेगावच्या खडकाळ, मुरमाड माळावर २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत दुष्काळ, क्षार आणि उष्णता यांचा पिकांवरचा परिणाम प्रतिमांवरून मोजण्याची सोय झाली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी नवी दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पंतप्रधानांच्या हस्ते जे केंद्र सुरू झाले, त्याला हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुख यांचे नाव आहे.

या केंद्रांच्या कामाचे मोल ठरवताना एक मर्यादा विसरून चालत नाही. कुंडीतल्या मुळाला जेवढी माती मिळते तेवढ्यात रब्बी ज्वारीचे खरे सामर्थ्य उघड होतच नाही, कारण ती उभी राहते काळ्या भारी जमिनीत खोलवर साठलेल्या पावसाळी ओलाव्यावर, आणि दाण्याबरोबर कडब्याचाही हिशेब शेतकरी करतो. म्हणून पट्ट्यावर सरस ठरलेली ओळ मोहोळ, राहुरी किंवा परभणीच्या शेतात पुन्हा सिद्ध व्हावी लागते, आणि तिथे ड्रोनवरचे कॅमेरे उपयोगी पडत असले तरी त्यांच्या प्रतिमेशी ताडून पाहण्यासाठी शेतात उतरून केलेली नोंद लागतेच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत पैदासकारांनी वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या अशा नोंदवह्या आहेत. त्या जपल्या जाव्यात, त्यांचे अंक संगणकावर यावेत आणि प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या खुल्या व्हाव्यात, यासाठी विद्यापीठांनी आणि शासनाने आताच तरतूद केली पाहिजे.